पर्यावरण अर्थशास्त्र मेजर म्हणून घ्यावं का? कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागल्यापासून प्रवेश संपेपर्यंत विद्यार्थी आणि पालक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. शुल्क आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या दिलेल्या नाहीत. एका प्रश्नाचा भाग दुसऱ्यात येत असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. पर्यावरण अर्थशास्त्रात नेमकं शिकवतात काय? झाडं लावा, प्रदूषण टाळा, एवढंच ना?

तेवढंच असतं तर पदवीची गरज नव्हती. शिरोळ तालुक्यातलं उसाचं रान डोळ्यांसमोर आणा. पाणी जास्त दिलं की ते त्याच रानात थांबत नाही. शेजारच्या सखल रानातली पाण्याची पातळी वर येते, तिच्यासोबत क्षार वर येतात आणि काही वर्षांत ते रान क्षारपड होतं. पाणी देणाऱ्याच्या जमाखर्चात हा तोटा कुठेही दिसत नाही, तो शेजाऱ्याच्या माथी बसतो. किमतीत न धरल्या गेलेल्या अशा खर्चाला बाह्य परिणाम म्हणतात आणि सगळा विषय त्याच्याभोवती फिरतो. शेतकरी पाणी कमी का देत नाही? कारण पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी क्षेत्रावर आणि पिकावर आकारली जाते, किती पाणी घेतलं त्यावर नाही. चार तास जास्त पाणी सोडलं तरी बिल तेवढंच येतं.

यावर उपाय काय, यावरून अर्थतज्ज्ञांत शंभर वर्षं वाद चालू आहे. आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये सांगितलं, नुकसानीइतका कर लावा. रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये दाखवलं की हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि बोलणी करायला फारसा खर्च येत नसेल, तर दोन्ही पक्ष आपसात मिटवू शकतात. एलिनोर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं नोबेल मिळालं ते तिसऱ्या वाटेसाठी: गावं आपले नियम आपणच करून सामायिक साधनं टिकवतात. तीनही बाजू शिकायच्या आणि कुठली कुठे लागू पडते ते ओळखायचं.

२. मग हे आणि पर्यावरणशास्त्र एकच का?

वेगळं. पाण्याच्या नमुन्यात बीओडी (सेंद्रिय घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) किती आहे हे पर्यावरणशास्त्र सांगतं. तो निम्म्यावर आणायला किती खर्च येईल, तो कोणी करायचा आणि त्यातून कोणाचा किती फायदा होईल, हे अर्थशास्त्राचं काम. प्रयोगशाळेची आवड असेल तर पहिलं घ्या. वर्तमानपत्रातली अर्थसंकल्पाची पानंही तुम्ही वाचत असाल तर दुसरं.

३. कोल्हापुरात ‘बी.ए. पर्यावरण अर्थशास्त्र’ कुठल्या कॉलेजात आहे?

या नावाची पदवी शोधत बसू नका, वेळ जाईल. आपल्याकडे पदवीला मेजर, म्हणजे मुख्य विषय, असतो अर्थशास्त्र. पर्यावरण अर्थशास्त्र हा त्यातला एखादा पेपर, तोही बहुधा वरच्या वर्षाला किंवा एम.ए.ला. शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र असे दोन्ही विभाग आहेत, पण ते वेगवेगळे. त्यांची सांगड मेजर आणि मायनर (सोबतचा दुय्यम विषय) निवडताना तुम्हालाच घालावी लागते.

प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारा, आणि उत्तर कार्यालयातून घेण्यापेक्षा विभागप्रमुखांकडून घ्या. पहिली, सहाही सत्रांचा छापील अभ्यासक्रम. दुसरी, अर्थशास्त्रासोबत कुठले मायनर ‘प्रत्यक्ष’ चालतात; माहितीपत्रकात पाच मायनर असतात, पण पुरेसे विद्यार्थी आले नाहीत की त्यातले तीन बंद होतात आणि ते कळतं प्रवेश झाल्यावर. तिसरी, मेजर आणि मायनरचे तास एकमेकांवर येतात का. संख्याशास्त्र विज्ञान शाखेकडे आणि अर्थशास्त्र कला शाखेकडे असेल तर वेळापत्रकाची टक्कर ठरलेलीच.

४. तीन वर्षांची पदवी पुरते की चार वर्षांची करावी?

नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक (क्रेडिट) लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. एम.ए. करायचं नक्की असेल आणि तुमच्या कॉलेजात संशोधनाला मार्गदर्शक असेल, तरच चौथं वर्ष तिथे काढा. नाहीतर तीन वर्षांनंतर चांगल्या संस्थेत दोन वर्षांचं एम.ए. केलेलं बरं.

५. मायनर काय घेऊ? समाजशास्त्र सोपं आहे म्हणतात.

सोपं आहे म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. आमचा क्रम असा: संख्याशास्त्र, मग गणित, मग भूगोल, मग पर्यावरणशास्त्र. संख्याशास्त्र पहिलं, कारण या विषयातला प्रत्येक दावा शेवटी प्रतिगमनाच्या (रिग्रेशन: एका गोष्टीचा दुसरीवर किती परिणाम होतो ते आकडेवारीतून काढणं) तक्त्यावर येऊन थांबतो आणि तो तक्ता वाचता आला नाही तर दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं. भूगोल घेतलात तर क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचं सॉफ्टवेअर शिका. ते फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि पूररेषा व गटनंबर एका नकाशावर आणता येणं हे कौशल्य नोकरीच्या वेळी मायनरच्या नावापेक्षा जास्त मोलाचं ठरतं. सुटलेला मायनर मागाहून गुणपत्रकावर आणता येत नाही. याचा फटका कुठे बसतो ते प्रश्न १३ मध्ये.

६. अकरावी-बारावीला गणित नव्हतं. आता संपलं का?

बी.ए.साठी नाही. पण अर्थशास्त्राच्या काही एम.एस्सी. अभ्यासक्रमांना बारावीचं गणित मागतात. तुमच्या मनात असलेल्या संस्थेचा नियम आत्ताच बघा, तिसऱ्या वर्षाला नको.

लागणारं गणित फार नसतं, पण पक्कं लागतं: आलेख वाचणं, लॉगॅरिदम, एका आणि दोन चलांचं विकलन, थोडं मॅट्रिक्स. पहिल्या वर्षात अकरावी-बारावी वाणिज्य शाखेचं गणिताचं पुस्तक सोडवून काढा. विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा ते इथे जास्त उपयोगी. मुलं अडतात ती सूत्रांवर क्वचितच. ‘सीमांत’ म्हणजे सरासरी नव्हे, हे न उमजल्यामुळे अडतात. शंभरावं पोतं पिकवायला किती खर्च आला आणि एका पोत्यामागे सरासरी किती आला, ही दोन उत्तरं वेगळी असतात. हे एकदा बसलं की पुढचं निम्मं सुटतं.

७. मी बी.एस्सी.ला आहे. बी.ए.कडे वळू का?

शक्यतो नको. अर्थशास्त्राच्या बऱ्याच एम.ए. प्रवेशांना कुठलीही पदवी चालते आणि गणित किंवा संख्याशास्त्राची बी.एस्सी. असेल तर उलट जमेचीच बाजू. कमी पडतं ते सूक्ष्म अर्थशास्त्र. मागणी, पुरवठा, ग्राहकाचं संतुलन, बाजाराचे प्रकार, कल्याणाचं अर्थशास्त्र एवढं वर्षभरात स्वतः करता येतं.

८. परीक्षेत गणितं कसली येतात? एखादं दाखवा.

दोन दाखवतो, आकडे काल्पनिक आहेत.

नदीकाठी दोन कारखाने. मिळून दिवसाला १०० किलो बीओडी कमी करायचा आहे. ‘अ’ला एका किलोला २०० रुपये खर्च येतो, ‘ब’ला ६००. दोघांना निम्मं निम्मं सांगितलं तर १०,००० अधिक ३०,००० म्हणजे ४०,००० रुपये. सगळं ‘अ’ने केलं तर २०,०००. नदीत जाणारी घाण दोन्ही वेळा तेवढीच, खर्च मात्र निम्मा. म्हणून ‘ब’ने ‘अ’ला पैसे देऊन त्याच्याकडून काम करून घ्यावं, ही प्रदूषण-परवान्यांच्या बाजारामागची कल्पना. प्रत्यक्षात प्रत्येक पुढचा किलो महाग होत जातो, त्यामुळे दोघांचा सीमांत खर्च सारखा होईपर्यंत वाटणी करायची. विकलन लागतं ते इथे.

उत्तर बरोबर येऊनही गुण जातात ते पुढच्या ओळीत. ‘अ’ कोल्हापूरच्या वर असेल आणि ‘ब’ इचलकरंजीजवळ, पाणी उपशाच्या जरा वर, तर काय? एकूण घाण घटली तरी ‘ब’ची सगळी घाण पिण्याच्या पाण्याच्या तोंडाशी तशीच राहिली. इचलकरंजीने २०१२ ची काविळीची साथ पाहिली आहे, तिथे हा तपशील पुस्तकी राहत नाही. कार्बन डायऑक्साइड कुठेही सुटला तरी हवामानावर परिणाम तोच, म्हणून भारताने २०२३ मध्ये अधिसूचित केलेली कार्बन क्रेडिट व्यापार योजना देशभर चालू शकते. नदीचा परवाना असा कुठूनही कुठे हलवता येत नाही.

दुसरं गणित वटावाच्या दराचं, म्हणजे भविष्यातली रक्कम आजच्या किमतीत आणताना दरवर्षी किती टक्के घटवायची त्याचं. ३० वर्षांनी होणारं एक कोटीचं नुकसान आज किती धरायचं? ३ टक्क्यांनी सुमारे ४१ लाख, १० टक्क्यांनी पावणेसहा लाखांच्या आत. प्रकल्प तोच, नुकसान तेच, फक्त दर बदलला. कुठलाही लाभ-खर्च अहवाल हातात आला की आधी वटावाचा दर शोधा. निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो.

९. प्रकल्पासाठी विषय कुठला घेऊ? सगळे ‘पंचगंगा प्रदूषण’च घेतात.

घेतात, आणि ‘जनजागृती झाली पाहिजे’ या निष्कर्षावर थांबतात. त्याऐवजी मोजता येईल असा प्रश्न घ्या. चार सुचवतो, प्रत्येकाच्या खाचखळग्यांसह.

पूर आणि घरांच्या किमती. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पाणी आलेल्या गल्लीतल्या आणि शेजारच्या कोरड्या गल्लीतल्या घरांच्या किमतीत फरक पडला का? राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, त्यामुळे कुठली वस्ती किती पातळीला बुडते याचा अंदाज बांधता येतो. किमतींसाठी मुलं इंडेक्स-२ (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा) काढतात. अडचण तिथेच: दस्तात लिहिलेला मोबदला बऱ्याचदा रेडी रेकनरच्या आसपास घुटमळतो, खऱ्या व्यवहाराशी त्याचा मेळ नसतो. मग तुम्ही पुराचा परिणाम मोजत नाही, सरकारी दरतक्ता मोजता. भाडं घ्या. भाडं लपवायचं कारण कमी असतं आणि ते लवकर बदलतं.

प्रवासखर्च पद्धत. एखाद्या जागेला लोक किती खर्च करून येतात, त्यावरून तिचं मोल काढायचं. रंकाळ्यासाठी ही पद्धत घेऊ नका: संध्याकाळी फिरायला येणारा चालत येतो, खर्च शून्य, म्हणजे रंकाळ्याचं मोलही शून्य असं हास्यास्पद उत्तर येतं. दाजीपूर-राधानगरीच्या गव्यांच्या अभयारण्याला ती बसते. तरी प्रश्नावलीत एक प्रश्न हवाच, ‘याच फेरीत आणखी कुठे गेलात?’ अंबाबाईचं दर्शन, जोतिबा, पन्हाळा आणि दाजीपूर एका गाडीत झालं असेल तर सगळं डिझेल गव्याच्या नावावर टाकता येणार नाही.

देण्याची तयारी. ‘पंचगंगा स्वच्छ होण्यासाठी किती द्याल?’ असं सरळ विचारलं की आकडा हवेतून येतो. एक्सॉन वाल्डेझ या तेलवाहू जहाजाच्या १९८९ च्या तेलगळतीनंतर केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या अर्थतज्ज्ञांच्या समितीने १९९३ मध्ये सांगितलेली रीत अशी: एक रक्कम सांगा आणि हो की नाही विचारा. घरफाळ्यात वर्षाला अमुक रुपये वाढले तर चालतील का, असं. रक्कम प्रत्येक घराला चिठ्ठी टाकून वेगळी. ‘नाही’ म्हणणाऱ्याला कारण विचारा. ‘परवडत नाही’ हे खरं शून्य. ‘घाण कारखान्यांनी करायची आणि पैसे आम्ही का द्यायचे?’ हे निषेधाचं शून्य, ते वेगळं नोंदवा. दोन्ही एकत्र केली की लोकांना नदीची पर्वा नाही असा खोटा निष्कर्ष निघतो, आणि कोल्हापुरात तरी निषेधाची शून्यं भरपूर मिळतील.

कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळ्यानंतर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) कधी घालायचे, पावसाआधी कधी काढायचे, गळती कोण बुजवतं, खर्च कसा वाटला जातो? दोन-तीन बंधारे घेऊन ऑस्ट्रॉम यांच्या निकषांवर तपासा. वर्णनात्मक राहील, पण गणित कच्चं असलेल्यांना हाच सर्वांत चांगला.

काहीही घेतलंत तरी पंधरा-वीस घरांत चाचणी घेतल्याशिवाय प्रश्नावली छापू नका.

१०. आमची उसाची शेती आहे. हा विषय शिकून मुलगी उसाविरुद्ध बोलायला लागेल का?

बोलली तर आकडे देऊन बोलेल. उसाला एफआरपीचा (सरकारने ठरवलेल्या किमान दराचा) कायदेशीर आधार आहे, ठरलेला गिऱ्हाईक आहे, भाजीपाल्यासारखा भाव एका रात्रीत कोसळत नाही. त्या चौकटीत ऊस लावणं हा शहाणपणाचाच निर्णय आहे, आणि विषय तेच शिकवतो: माणूस बदलण्याआधी चौकट बघा. ठिबकचंच घ्या. अनुदान मिळालं, एकरी पाणी वाचलं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस वाढला तर नदीतून उचललेलं पाणी तेवढंच राहिलं. यात शेतकऱ्याचं काही चुकलेलं नाही, पाण्याच्या एकूण उपशावर मर्यादा न घालता अनुदान देणाऱ्या योजनेचं चुकलं.

११. नोकरी कुठे मिळते? खरं सांगा.

नुसत्या बी.ए.वर या विषयाच्या नावाने जाहिरात क्वचितच निघते. एम.ए. आणि आकडेवारी हाताळण्याचं कौशल्य असेल तर वाटा उघडतात. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचे अहवाल करणाऱ्या मान्यताप्राप्त सल्लागार संस्थांना सामाजिक-आर्थिक बाबींचा तज्ज्ञ लागतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा बीआरएसआर अहवाल द्यावा लागतो, तिथे माणसं लागतात. याशिवाय संशोधन संस्था, पाणलोट व शेतीतल्या स्वयंसेवी संस्था आणि अध्यापन. यातलं बरंचसं काम पुण्या-मुंबईत आहे, हे घरात आधी बोलून घ्या. प्रदूषण नियंत्रण मंडळातली क्षेत्रीय पदं मुख्यतः विज्ञान-अभियांत्रिकीवाल्यांसाठी असतात. या पदवीवर त्यांची आशा धरू नका.

१२. एम.ए.साठी बाहेर कुठे जावं? आणि मराठी माध्यम आडवं येईल का?

पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेली गोखले संस्था. मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था. इथली प्रवेश परीक्षा गणिताला जड. पर्यावरण अर्थशास्त्रासाठी चेन्नईचं मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि दिल्लीची टेरी संस्था ही नावं आधी बघा. वनव्यवस्थापनाकडे ओढा असेल तर भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था. काही ठिकाणी स्वतःची परीक्षा असते, काही ठिकाणी सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेचे गुण धरतात.

माध्यमाचं म्हणाल तर बी.ए. मराठीत लिहा, काही बिघडत नाही. फक्त दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत वहीत लिहायची सवय ठेवा. एम.ए.च्या पहिल्या सत्रात मराठी माध्यमाची मुलं मागे पडतात ती बहुतेक वेळा संज्ञा न ओळखल्यामुळे. कल्पना त्यांना येत असते.

१३. अर्थशास्त्र घेऊन भारतीय वनसेवेची परीक्षा देता येते का?

इथे फार जण फसतात. वनसेवेसाठी पदवीत पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूविज्ञान, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय लागतो, किंवा कृषी, वनविद्या, अभियांत्रिकीची पदवी. यादीत अर्थशास्त्र नाही आणि पर्यावरणशास्त्रही नाही. गणित किंवा संख्याशास्त्र मायनर असेल तर दार किलकिलं राहतं. तो विषय पदवीचा विषय म्हणून गुणपत्रकावर स्पष्ट दिसतो ना, हे मात्र विद्यापीठाकडून लेखी करून घ्या. नागरी सेवा परीक्षेला ही अट नाही, कुठलीही पदवी चालते आणि अर्थशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतं.

१४. एम.ए. ‘पर्यावरण अर्थशास्त्र’ असेल तर भारतीय आर्थिक सेवेला चालतं का?

यूपीएससीच्या अटीत पदव्युत्तर पदवीची नावं दिलेली असतात: अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यवसाय अर्थशास्त्र, अर्थमिती. प्रमाणपत्रावर वेगळं नाव छापलं की वाद होऊ शकतो. या सेवेचा विचार असेल तर ‘एम.ए. अर्थशास्त्र’ घ्या आणि पर्यावरण हे विशेषीकरण ठेवा. प्रवेश घेण्याआधी संस्थेला एकच विचारा: पदवी प्रमाणपत्रावर अक्षरशः काय छापलं जातं?

१५. नेट कुठल्या विषयातून द्यायची?

नेट म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. एम.ए. अर्थशास्त्र असेल तर ती अर्थशास्त्रातून. त्या अभ्यासक्रमातला नववा घटकच पर्यावरण अर्थशास्त्र व लोकसंख्याशास्त्र आहे. पर्यावरण विज्ञान हा नेटचा वेगळा विषय आहे आणि त्यात रसायन, परिसंस्था, भूविज्ञान येतं.

१६. पहिल्या वर्षाला पर्यावरणाचा सक्तीचा पेपर झाला. तो यात धरतात का?

नाही. तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशातून आलेला, सगळ्या शाखांना सारखा असलेला पेपर. त्याचे श्रेयांक मेजर किंवा मायनरमध्ये जात नाहीत.

१७. एक वर्ष करून बघितलं आणि जमलं नाही तर?

पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं; त्यासाठी ४ श्रेयांकांचा कौशल्य किंवा व्यवसायाचा जादा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. यूजीसीच्या चौकटीनुसार तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी संपवायची असते. श्रेयांक ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्यात) जमा झालेत का ते सत्र संपलं की लगेच तपासा. आधार आणि दहावीच्या गुणपत्रकावरचं नाव जुळत नसेल तर ते अडकतात, आणि दुरुस्तीला लागणारे आठवडे नेमके पुढच्या प्रवेशाच्या वेळी हातात नसतात.